एरंडीच्या ‘अरुणा’ वाणाचा धडा : आनुवंशिकता, भेद आणि उत्परिवर्तन

‘खाण तशी माती’ ही म्हण शेतकऱ्याच्या नित्य अनुभवातील आहे. ज्या वाणाचे बी पेरावे, त्याच वाणाचे पीक हाती येते. तरीही एकाच शेतातील दोन झाडे तंतोतंत सारखी नसतात. आणि क्वचित एखादे झाड पूर्वीच्या पिढ्यांत कधीही न दिसलेला गुण घेऊन उगवते. साम्य, भेद व नावीन्य या तिन्हींचा उलगडा आनुवंशिकशास्त्र करते. हैदराबाद परिसरात एरंडीवर झालेले संशोधन हे त्याचे उद्बोधक उदाहरण होय.

गुण कसे उतरतात?

एरंडीच्या पेशीत रंगसूत्रांच्या १० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक रंगसूत्र परागकणातून व दुसरे बीजांडातून येते. या रंगसूत्रांवरील जनुके वनस्पतीचे गुण ठरवितात.

एरंडीच्या पुष्कळ झाडांच्या खोडावर मेणासारखी पांढुरकी पूड असते. काही झाडांवर ती नसते. ही पूड तुडतुड्यांपासून झाडाचा बचाव करण्यास उपयोगी पडते. पूड असलेल्या व नसलेल्या शुद्ध झाडांचा संकर केल्यास पहिल्या पिढीतील सर्व झाडांवर पूड दिसते. म्हणजे हा गुण प्रभावी आहे. या झाडांचे स्वपरागीभवन घडविले असता दुसऱ्या पिढीत सुमारे तीन झाडांवर पूड, तर एक झाड पूडविरहित, असे प्रमाण आढळते. पहिल्या पिढीत न दिसलेला गुण नष्ट झालेला नसतो. तो सुप्त असतो. मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यावरील प्रयोगांतून हाच नियम मांडला. त्याचे महत्त्व मात्र १९०० मध्ये जगाच्या लक्षात आले.

भेदांची कारणे

झाडांतील सर्वच भेद आनुवंशिक नसतात. बांधालगत, उकिरड्याशेजारी वाढलेल्या झाडाचा घड मोठा असतो, तो खताच्या व ओलाव्याच्या जोरावर. त्याचे बी जपून ठेवले, तरी तो मोठेपणा पुढील पिढीत उतरत नाही.

आनुवंशिक भेद प्रथमतः जनुकांच्या नव्या जुळणीतून निर्माण होतात. एरंडीच्या घडात सामान्यतः खालच्या बाजूस नर-फुले व वरच्या बाजूस मादी-फुले असतात आणि पराग वाऱ्याने दूरवर जातो. त्यामुळे शेजारच्या शेतातील निराळ्या वाणाशी संकर सहज घडतो व वाणाची शुद्धता ढळते.

उत्परिवर्तन

दुसरे कारण म्हणजे खुद्द जनुकातच होणारा बदल, अर्थात उत्परिवर्तन. निसर्गात तो क्वचित घडतो. क्ष-किरणांनी त्याचे प्रमाण पुष्कळ वाढविता येते, हे मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवरील प्रयोगांनी दाखविले. मात्र असा बदल मागणीप्रमाणे घडविता येत नाही. बहुसंख्य उत्परिवर्तने अपायकारक व सुप्त स्वरूपाची असतात. त्यामुळे किरणोत्सर्ग दिलेल्या बियांच्या पहिल्या पिढीत ती बहुधा दिसत नाहीत. स्वपरागीभवनानंतरच्या पिढीत मोजक्या झाडांत ती उघड होतात. पैदासकाराचे खरे काम तेथून सुरू होते.

तेलंगणातील महबूबनगर, नलगोंडा या जिल्ह्यांतील हलक्या तांबड्या जमिनीत कोरडवाहू एरंडी पूर्वापार घेतली जाते. ‘एच. सी. ६’ हा तेथील वाण तयार होण्यास सुमारे २७० दिवस घेई. पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास संपे. पीक मात्र पुढे कित्येक महिने शेतात उभे राही. जमिनीतील ओल आटल्यावर घड भरत नसत व शेतकऱ्याचे वर्षाचे श्रम धोक्यात येत.

राजेंद्रनगर, हैदराबाद येथे एल. जी. कुलकर्णी, जी. अंकिनीडू आदी शास्त्रज्ञांनी एरंडीच्या सुधारणेसाठी संशोधन केले. ‘एच. सी. ६’च्या बियांवर न्यूट्रॉन कणांचा मारा करून मिळालेल्या संततीतून लवकर तयार होणारी झाडे निवडण्यात आली. त्यातून ‘अरुणा’ हा वाण सिद्ध होऊन १९६९ मध्ये प्रसारित झाला. त्याचा कालावधी १२० ते १४० दिवसांवर आला आणि पिकाची वाढ पावसाच्या ओलीत सामावू लागली. न्यूट्रॉनांनी केवळ भेद निर्माण केले. त्यांतून उपयुक्त झाड हेरले ते माणसाच्या निवडीने.

पुढे अधिक उत्पन्न देणारे संकरित वाण आले. एरंडीचा ‘जी. सी. एच. ३’ हा संकरित वाण गुजरातमध्ये १९६८ मध्येच प्रसारित झाला होता. तथापि पिकाचा कालावधी जनुकांतील बदलाने निम्म्यावर आणता येतो, हा ‘अरुणा’चा धडा कायम राहिला.

शेतकऱ्यांसाठी बोध

सुधारित वाणाचे बी घरी राखावयाचे असल्यास शेताच्या मध्यभागातील, सर्वसाधारण परिस्थितीत वाढलेली निरोगी व वाणाशी जुळणारी झाडे निवडावीत. फुले उमलण्यापूर्वी घडावर कागदी पिशवी बांधल्यास परका पराग टळतो. विजातीय झाडे फुलोऱ्यापूर्वी उपटून टाकावीत. संकरित वाणाचे बी मात्र पुन्हा पेरण्यासाठी ठेवू नये. सुप्त गुण दुसऱ्या पिढीत विलग होऊन पीक मिश्र निपजते व उत्पन्न घटते. अशा वाणाचे प्रमाणित बी दर हंगामास नव्याने घेणेच हिताचे ठरते.