अपराजन्य अर्बुद : दूरस्थ अवयवांतील प्रसार

प्रसूती, गर्भपात वा द्राक्षगर्भ यांनंतर योनिगत रक्तस्राव लांबला की आपल्या लेखणीतून प्रथम अशोकारिष्ट, लोध्रासव, चंद्रकला रस हीच नावे उतरतात. आम्हीही तेच लिहीत आलो. परंतु हा स्राव कोरिओकार्सिनोमा या अपरेच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या अर्बुदाचाही असू शकतो.

रक्तवाहिन्या भेदून आत शिरणे हा अपरेच्या पेशींचा स्वभावच होय. त्यामुळे हे अर्बुद प्रायः रक्तमार्गे पसरते. प्रसार झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांत फुप्फुस, ३० टक्क्यांत योनी, तर यकृत व मेंदू प्रत्येकी सुमारे १० टक्क्यांत बाधित आढळतात. वृक्क, प्लीहा, आतडी, त्वचा येथील प्रसार विरळ. पण फसगत होते ती तेथेच. अशी स्त्री स्त्रीरोगाची तक्रार घेऊन येतच नाही. ती रक्तष्ठीवन, आक्षेप, पक्षाघात, रक्तमूत्रता किंवा काळे मलविसर्जन सांगते, आणि आपण क्षय वा रक्तपित्त समजून उपक्रम आरंभतो. गर्भाशय प्राकृतही दिसू शकतो. म्हणून प्रजननक्षम वयात शेवटची गर्भधारणा केव्हा, हा प्रश्न विचारावाच. ती काही वर्षांपूर्वीची असली तरी शंका सोडू नये. रक्तातील बीटा एचसीजीची तपासणी सर्वत्र होते. दिसणाऱ्या गाठीचा तुकडा मात्र घाईने काढू नये, कारण तीव्र रक्तस्रावाचे भय असते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रक्तगुल्माची चिकित्सा दहावा मास उलटल्यावर सांगितली आहे. गर्भ की गुल्म हे ठरविण्याचे अन्य साधन नसताना ती सावधगिरी योग्यच होती. आज सोनोग्राफी हाताशी असता त्या वचनाच्या आधारे थांबणे आम्हास शास्त्रनिष्ठा वाटत नाही.

१९५६ साली अमेरिकेत ली व हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने हा प्रसृत व्याधी बरा केला. आज अल्पजोखमीचे जवळजवळ सर्व रुग्ण बरे होतात. फिगोच्या गुणांकनात यकृत व मेंदूस प्रत्येकी ४, आतड्यास २, प्लीहा व वृक्कास १ गुण आहे. एकूण ७ वा अधिक गुण म्हणजे अधिक जोखीम, तेथे अनेक औषधांचा संयोग लागतो.

औषधालय चालविणाऱ्यांस एक विनंती. मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या स्त्रीस फोलिक अॅसिडयुक्त टॉनिक किंवा यकृतासाठी म्हणून कोणतीही वटी परस्पर देऊ नये. आधी तिच्या कर्करोगतज्ज्ञास विचारावे.