आज्ञांचा गट

गोदावरीचा पूर मोजण्याची नाशिककरांची जुनी पट्टी म्हणजे दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या कमरेस लागलें, छातीस लागलें, अशी वार्ता पावसाळ्यांत घरोघर जाते. समजा, आमच्या एका विद्यार्थ्यानें संगणकास आज्ञा लिहून दिली: 'पाणी छातीस लागल्यास घंटा वाजव, मुलांस घरीं सोड.' मनुष्य हिचा योग्य तोच अर्थ घेईल. परंतु सी भाषेंत हीं दोन विधानें कंसाशिवाय लिहिल्यास अट पहिल्या विधानापुरतीच लागते. घंटा पुराच्याच दिवशीं वाजेल. मुलें मात्र उन्हाळ्यांतही रोज घरीं सुटतील! (ही चूक दुरुस्त करूं नये असें वर्गांत बहुमत पडलें.)

डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास रचलेल्या ह्या भाषेंत दोन्ही विधानें महिरपी कंसांत घातलीं म्हणजे तीं मिळून एकच समजलीं जातात. ह्या गटास ब्लॉक म्हणतात. जुन्या मोडी लेखनांत शब्दही तोडीत नसत. वाचक संदर्भावरून भागवी. संगणकास तें साधत नाहीं.

ओळी आंत सरकवून लिहिल्यानें डोळ्यांस गट दिसतो, पण सी भाषा ती जागा मोजीत नाहीं. फेब्रुवारी २०१४ मध्यें अ‍ॅपल कंपनीस आपल्या फोनांतील व संगणकांतील एक दोष दुरुस्त करावा लागला. समोरचें संकेतस्थळ खरें कीं तोतया, हें पारखणाऱ्या आज्ञांत 'चूक आढळल्यास' ह्या अटीखालीं 'बाहेर पड' हें विधान चुकून दोनदां आलें होतें. दोन्ही ओळी सारख्याच आंत सरकविलेल्या. कंस मात्र नव्हता. त्यामुळें दुसरें विधान नेहमींच पाळलें जाई, आणि सही पारखण्यापूर्वींच तपासणी 'सर्व ठीक' म्हणून संपे. लोकांचे खासगी व्यवहार मध्येंच वाचण्यास तेवढी एक ओळ पुरेशी होती! म्हणून विधान एकच असलें तरी कंस घालावा, असा आमचा आग्रह असतो.

गीडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पायथॉन भाषेंत कंस नाहींत. आंत सरकविलेल्या ओळी हाच गट. डोळ्यांस दिसतें तेंच यंत्रास दिसतें, म्हणून आरंभास आम्हांस ती अधिक बरी वाटते. मात्र नकलून घेतांना ओळींआधींची जागा गळाली, कीं अर्थही गळतो.

विद्यार्थ्यांनीं वरील पुराची आज्ञा दोन्ही भाषांत लिहावी. 'पाण्याची उंची वहींत नोंद' हें तिसरें विधान रोज पाळावयाचें आहे. तें गटाच्या आंत कीं बाहेर, हें घरीं ठरवून यावें.