‘काही आढळले नाही’ या उत्तराविषयी

पेटंटाच्या शोधकार्यात ज्या उत्तराने मनुष्य सर्वांत लवकर निर्धास्त होतो, त्याच ‘काही आढळले नाही’ या उत्तराचा विश्वास सर्वांत कमी धरावा, असे मी अलीकडे नव्या संशोधकांना आग्रहाने सांगतो. सिंधुदुर्गातील माझ्या एका स्नेह्याने काजूबी कापण्याचे यंत्र सिद्ध केले, गूगल पेटंट्सवर ‘कॅश्यू कटर’ एवढे दोन शब्द घातले, आणि आपल्यासारखे यंत्र जगात नाही अशी खातरजमा झाल्याचे मानून साच्यांसाठी आगाऊ रक्कमही देऊन टाकली. अर्जाचा मसुदा घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा प्रथम मी त्याला शब्द बाजूस ठेवावयास लावले. कठीण कवचाची फळे सोलण्या-फोडण्याच्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘ए२३एन ५/००’ असा स्वतंत्र कप्पा आहे. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पासनेट या विनामूल्य सेवेत तो धुंडाळताना एक जुना परदेशी दस्तऐवज हाती लागला. त्यात काजूचे नाव एकदाही नव्हते, ‘कवचयुक्त फळ’ असा मोघम उल्लेख तेवढा होता. आकृतीत मात्र स्नेह्याच्या यंत्रातील पात्यांची जोडी जशीच्या तशी उभी. हा मोघमपणा अनवधानाचा नव्हे. हक्काची व्याप्ती आकुंचित होऊ नये म्हणून मसुदा लिहिणारे वकील वस्तूचे नेमके नाव घेणे शक्यतो टाळतातच. सबब, शब्दांनी एखादा जवळचा दस्तऐवज गाठावा, त्याचा वर्ग पाहून त्या वर्गात नव्याने शोध घ्यावा, आणि त्याने कोणाचा आधार घेतला व पुढे कोणी त्याचा घेतला, हे मागे-पुढे दोन्ही दिशांनी तपासावे.

पेटंटांच्या दफ्तराबाहेरही पुष्कळ पुरावा पडलेला असतो. जखमेवरील हळदीच्या उपयोगाबद्दल अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या भारतीय वैज्ञानिक संशोधन परिषदेने १९९७ साली रद्द करविले, ते जुने ग्रंथ आणि नियतकालिके यांतील लेखी दाखल्यांच्या बळावर. कारण परदेशातील नुसती वहिवाट तेथील तत्कालीन कायद्यास पुरेशी नव्हती. काजूच्या बाबतीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे अहवाल न चाळता शोध पुरा झाला असे मी तरी म्हणणार नाही. शिवाय अर्ज सामान्यतः १८ महिने अप्रकाशित राहत असल्याने अगदी ताजे प्रतिस्पर्धी कोणत्याच साधनाला दिसत नाहीत. तेवढ्या मुदतीनंतर पुन्हा एकदा शोध घेणे प्राप्त आहे.

तो दस्तऐवज पाहून स्नेही इतका खचला की यंत्र मोडीत काढण्याची भाषा करू लागला. येथे दोन प्रश्न निराळे ठेवले पाहिजेत: मला पेटंट मिळेल काय, आणि मला यंत्र विकता येईल काय. जुना दस्तऐवज, मग त्याची मुदत संपलेली का असेना, पहिल्या प्रश्नाच्या आड सदैव येतो. दुसऱ्याच्या आड केवळ भारतात चालू असलेले पेटंटच येते. ते चालू आहे की नाही, हे गूगल पेटंट्सवरील शेऱ्यावरून ठरवू नये, कारण तो शेरा केवळ अनुमान असल्याचे तेथेच नमूद असते; भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोधसेवेवर नूतनीकरणाची फी भरली आहे काय, ते पाहावे. स्नेह्याला अडविणाऱ्या त्या दस्तऐवजाची २० वर्षांची मुदत केव्हाच सरली होती आणि भारतात त्याचा अर्जही नव्हता. तेव्हा साचे कामी आले, यंत्र विक्रीस गेले, आणि अर्जातील दावा बीच्या आकारानुसार पात्यांमधील अंतर आपोआप बदलणाऱ्या स्प्रिंगपुरताच उरला. तेवढे मात्र आम्हांला अन्यत्र कोठे सापडलेले नाही.