औलीला जाणाऱ्या पुतणीस

मुखेड, जि. नांदेड
डिसेंबर

चि. ताईस,


औलीच्या स्कीइंगच्या कोर्सला तुझं नाव लागल्याचं दादानं फोनवर सांगितलं. बर्फावरून घसरायचं कसं हे मी काय शिकवणार? मुखेडात गारा पडल्या तरी लोक बघायला बाहेर येतात. पण काचा हा माझा धंदा आहे, म्हणून पुण्याच्या दुकानातल्या ज्या काळ्याकुट्ट, आरशासारख्या गॉगलचा फोटो तू पाठवलास त्याबद्दल बोलतो. तो घेऊ नकोस.

काचेचा काळेपणा वेगळा आणि अतिनील किरण अडवणं वेगळं. गिऱ्हाइकांना हे पटवण्यात माझी हयात गेली. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. काच किरण अडवणारी नसेल तर त्या मोठ्या बाहुलीतून ते जास्तच आत जातात. उलट पॉलिकार्बोनेटची बिनरंगी काचसुद्धा ते जवळपास सगळे अडवते. म्हणून रंगाच्या आधी ‘यूव्ही ४००’ लिहिलंय का ते बघ. आपली जमीन हे किरण १० टक्केही परतवत नाही, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परतवतो. शिवाय दर हजार मीटरला ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि औलीचे उतार अडीच ते तीन हजार मीटरवर आहेत. वेल्डिंगवाल्या पोरांचे डोळे रात्री कसे लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, ते तू पाहिलंयस. बर्फावर डोळे भाजतात तो हाच आजार. उतारावर असताना काही कळत नाही, सहा ते बारा तासांनी ठणका लागतो. आभाळ भरलेलं असलं तरी गॉगल काढायचा नाही तो यासाठी.

आता काळेपणा. काचेवर किंवा डब्यावर ० ते ४ यांतला एक आकडा असतो. ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत घेते, ती स्वच्छ उन्हाची. ४ ची त्याहून काळी. १ मधून ४३ ते ८० टक्के येतो. दुकानदार काच उन्हात धरून दाखवतो, म्हणून सगळ्यांना काळीच आवडते. पण नवशिक्याची खरी फजिती ढगाळ दिवशी. सावलीच पडत नाही, त्यामुळे पुढे खड्डा आहे की उंचवटा ते दिसत नाही. पांढऱ्या फरशीवर पांढरी रांगोळी शोधण्यातला प्रकार. तिथे १ ची गुलाबी किंवा पिवळसर काच लाव. ती निळा प्रकाश कापते आणि बर्फाचे चढउतार जरा उठून दिसतात. जराच हं. दाट धुक्यात कुठलीच काच कामाची नाही, तेव्हा शिक्षक थांब म्हणाले की थांबायचं.

काच बदलता येणारा गॉगल मिळाला तर ३ ची तपकिरी आणि १ ची गुलाबी, अशा दोन घे. एकाचेच पैसे असतील तर गुलाबी-तपकिरी छटेची २ ची घे. भर दुपारी डोळे थोडे बारीक करावे लागतील, चालतंय.

आपोआप काळी होणारी फोटोक्रोमिक काच तुला भुरळ घालेल. आपल्याकडे मे महिन्यात गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं की ती पुरेशी काळी होत नाही; उष्णतेत तिचा स्वभावच तसा. थंडीत उलटं. गडद छान होते, पण परत उजळायला वेळ घेते. उन्हातून झाडांच्या सावलीत शिरलीस की पंचाईत. पोलराइज्डच्याही मागे लागू नकोस. ती चकाकी घालवते, आणि गोठलेला निसरडा बर्फ बऱ्याचदा चकाकीवरूनच ओळखायचा असतो.

दुहेरी काचेचाच घे, वाफ कमी धरते. आतल्या बाजूला रुमाल लावलास तर वाफ रोखणारा लेप जाईल. बर्फ गेला तर झटकून वाळू दे. घामेजल्या टोपीवर गॉगल चढवून मिरवायचं नाही, वाफ तिथूनच धरते.

आणि तुझा चष्मा. चष्म्यावरून बसणारा गॉगल माग, आणि दुकानात चष्मा घालूनच बसवून बघ. काड्या कानशिलाला दाबल्या तर दुसरा बघ. आत्ताची तुझी फ्रेम फार रुंद आहे. जुनी अरुंद फ्रेम कपाटात असेल, ती कुरिअरनं पाठव. चालू नंबरची काच बसवून आठवड्याच्या आत परत पाठवतो.

तुझा,
काका