शिरेवर शीर नव्हे, रक्ताची गुठळी

पोटरी दुखू लागली की आपल्याकडे ‘शिरेवर शीर चढली’ असे म्हणतात. मग कोणी तेल लावून रगडते, कोणी तापवलेल्या विटेने शेकते, कोणी मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणते. पुष्कळदा दुखणे दोन दिवसांत जातेही. पण दुखणारे माणूस बाळंतीण असेल, नुकतेच ऑपरेशन झालेले असेल किंवा हाड मोडून प्लास्टरमध्ये पडून असेल, आणि एकच पाय सुजला असेल, तर तो पाय रगडू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर तासाभरातही जीव जाऊ शकतो. वेळेवर ओळखली तर मात्र तिच्यावर चांगला उपचार आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुष्कळदा ती होण्याआधीच टाळता येते.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवण्यासाठी दर ५ वर्षांत ३० क्रेडिट तासांचे नवे शिक्षण घ्यावे लागते. रक्ताच्या गुठळ्या हा अशा शिक्षणातला नेहमीचा विषय आहे. पण रुग्ण घरी गेल्यावर त्याच्याजवळ डॉक्टर नसतो. सासू, आई, नवरा, मुलगी हीच माणसे असतात. इस्पितळाशी संबंधित अनेक गुठळ्या घरी परतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांत दिसून येतात. म्हणून या शिक्षणातला घरच्यांनी शिकायचा भाग आम्ही येथे देत आहोत.

गुठळी का होते?

जखम झाल्यावर रक्त गोठते म्हणून आपण वाचतो. हेच गोठणे शिरेच्या आत, नको तेथे झाले की घात होतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्खो यांनी पायातली गुठळी वाहत जाऊन फुप्फुसात अडकते हे दाखवून दिले. त्यांच्याच नावाने आजही डॉक्टर तीन कारणे शिकतात. पहिले, रक्ताचा प्रवाह मंदावणे. दुसरे, शिरेला इजा होणे. तिसरे, रक्तच लवकर गोठेल असे होणे. १८४८ साली याच विर्खोंनी टायफसची साथ पाहून, रोगाचे मूळ गरिबी आणि अज्ञानात आहे असे आपल्या सरकारला सुनावले होते. त्यांचा जन्मदिवस १३ ऑक्टोबर हा २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

पोटरीचे स्नायू हलले की पायातले रक्त वर ढकलले जाते. माणूस पडून राहिला की हा पंप बंद पडतो. कॅन्सर, लठ्ठपणा, साठीपुढचे वय, पूर्वी झालेली गुठळी, गरोदरपण आणि बाळंतपण यांनी धोका वाढतो. माला-एन, माला-डी यांसारख्या संततिनियमनाच्या गोळ्यांनीही तो थोडा वाढतो. म्हणून पूर्वी गुठळी झालेल्या बाईने या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

बाळंतिणीची खोली

एक घर डोळ्यांसमोर आणा. सिझर होऊन सून कऱ्हाडहून गावी आली आहे. बाजेखाली शेगडी आहे, डोक्याला फडके घट्ट बांधले आहे. ‘पाणी प्यालीस तर पोट सुटेल’ म्हणून तांब्याभर पाण्यात दिवस काढायचा. सव्वा महिना उठायचे नाही. हे सगळे घरचे मायेनेच करतात. पण आता वरची तीन कारणे आठवा. सिझरमध्ये शिरांना धक्का पोचतो. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून शरीर रक्त लवकर गोठेल अशी तयारी स्वतःच करते. पडून राहिल्याने प्रवाह मंदावतो, आणि पाणी तोडल्याने रक्त आणखी घट्ट होते. बाळंतपणानंतरचे पहिले ६ आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, आणि नेमक्या याच दिवसांत आपण तिला बाजेवर बांधून ठेवतो.

बाळंतिणीला विश्रांती हवीच. जड काम, पाण्याचे हंडे नकोतच. पण डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा पहिल्याच दिवशी, तिला आधार देऊन उठवावे. घरात रोज थोडे थोडे चालू द्यावे. तहानेप्रमाणे भरपूर पाणी द्यावे. पाण्याने पोट सुटत नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला तर पाणी जास्तच लागते.

बाळंतिणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माहीत हवी. गुठळी मेंदूच्या शिरांतही होते. डोके दुखू लागते आणि दिवसेंदिवस वाढते. उलट्या होतात, नजर धूसर होते, झटके येतात, ती असंबद्ध बोलते, एक हात किंवा पाय लुळा पडतो. अशा वेळी ‘ओल्या बाळंतिणीला बाहेरचे लागले’ म्हणून देवऋषी बोलावला जातो. लिंबू उतरवण्यात जे दोन दिवस जातात, तेच उपचाराचे दोन दिवस असतात. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि साताऱ्यात दवाखाना चालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे आयुष्य अशाच गोष्टींविरुद्ध झगडण्यात घालवले. त्यांच्या जिल्ह्यात तरी झटके आलेली बाळंतीण आधी इस्पितळात पोचली पाहिजे.

इस्पितळात विचारायचे चार प्रश्न

आपली माणसे डॉक्टरांपुढे गप्प राहतात. ‘मोठ्या माणसाला कसे विचारायचे?’ हा संकोच सोडावा. ऑपरेशन, बाळंतपण किंवा मोठे आजारपण असेल तर नम्रपणे, पण नक्की विचारावे :

१. आमच्या रुग्णाला रक्ताची गुठळी होण्याचा धोका किती आहे?
२. ती होऊ नये म्हणून इंजेक्शन, गोळी किंवा पायात घट्ट मोजे लागतील का? किती दिवस?
३. केव्हा उठवायचे, केव्हा चालवायचे?
४. घरी गेल्यावर काय दिसले तर लगेच परत आणायचे?

खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलल्यावर गुठळी टाळण्याचे औषध सुमारे ५ आठवड्यांपर्यंतही चालू ठेवावे लागते. टाके निघाले म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नये.

लांबचा प्रवास

दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला आपली माणसे जातात. मिरज-सांगली-कऱ्हाड-सातारा मार्गे जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेलो तरी एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग गाडीतच जातो. ट्रॅव्हल्सने किंवा जीपने गेलो तर पाय दुमडूनच बसावे लागते. ४ तासांहून लांब बसून केलेल्या प्रवासाने गुठळीचा धोका वाढतो. धडधाकट माणसाला तो फार थोडा असतो, घाबरून जाणे सोडायचे कारण नाही. दर दोनेक तासांनी उठावे किंवा गाडी थांबवून चालावे. बसल्या जागी पावले वरखाली करावीत. लघवीला उतरावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. बायका हे फार करतात. गरोदर, बाळंतीण, नुकतेच ऑपरेशन झालेले किंवा पूर्वी गुठळी झालेले कोणी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

गुठळी झालीच तर

एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, जागा गरम किंवा लालसर होणे, ही पायातल्या गुठळीची लक्षणे आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पायाच्या डॉप्लर सोनोग्राफीत ती दिसते, या तपासणीत दुखत नाही. एकाएकी दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, चक्कर येऊन कोसळणे यांपैकी काही झाले तर गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. मग उद्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि मोठे इस्पितळ गाठावे. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय ही आपली सरकारी ठिकाणे आहेत.

उपचारात बहुधा आधी पोटावर हेपारिनच्या प्रकारातले इंजेक्शन आणि मग गोळ्या असतात. काही नव्या गोळ्या सुरुवातीपासूनच देतात. हे औषध निदान ३ महिने चालते. सूज उतरली की ‘बरे वाटतेय, पैसेही वाचतील’ म्हणून गोळी थांबवली, तर पुन्हा गुठळी होण्याची भीती असते. खर्च झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. वॉरफरिन हे जुने औषध स्वस्त आहे. ते घेणाऱ्याने रक्ताची आयएनआर तपासणी सांगितलेल्या तारखेला करावी. शिरेतल्या गुठळीसाठी हा आकडा साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात. मेथी, पालक बंद करायची गरज नाही. मात्र एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असे करू नये. प्रमाण सारखे ठेवावे.

या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, डांबरासारखी काळी शौच, डोक्याला मार, यांपैकी काही झाले तर लगेच दाखवावे. अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नये, आणि कंबरेत सुई टोचून घेण्याआधी ‘मी रक्त पातळ करणारे औषध घेतो’ असे सांगावे. पाळी चुकल्यास बाईने गोळी आपल्या मनाने न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणात वॉरफरिनने बाळाला अपाय होऊ शकतो, त्याऐवजी इंजेक्शन देता येते.

विहारातल्या महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचावे, अशी आमची विनंती आहे. ज्या घरात बाळंतपण जवळ आले आहे, त्या घरच्या सासूबाईंना आणि आईला आवर्जून बोलवावे. बाळंतिणीला केव्हा उठवायचे आणि पाणी किती द्यायचे, हे त्या दोघीच ठरवत असतात.