चोवीस शिंपल्यांचे वाटे

चि. भाचीस,

उरणच्या द्रोणागिरीत तुला शिकवायला दुसरीचा वर्ग मिळाला, फार आनंद झाला. करंज्याच्या कोळ्यांची मुलं, भोवतालच्या गावांतली आगरी मुलं आणि न्हावा-शेवा बंदराच्या कामासाठी परराज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुलं तिथे एका बाकावर येतात. जानेवारी 2024मध्ये लोकल उरणपर्यंत पोचली. नवी बिऱ्हाडं येतच राहतील.

अशा वर्गात चार मुलं समोरासमोर बसवली की गटकार्य झालं, असं पुष्कळांना वाटतं. मग एक चुणचुणीत मूल 47 + 25 सोडवतं आणि तिघं ते वहीत उतरवतात. दोष मुलांचा नाही. ते गणितच एकट्यानं करायचं आहे.

चौघांना 24 शिंपल्या दे आणि विचार, सारखे वाटे किती तऱ्हांनी लागतील? मासळीचे वाटे करंज्याच्या मुलांनी आई-आजीला लावताना पाहिलेले असतात. कुणी दोन-दोनचे लावेल, कुणी सहा-सहाचे. कुणी पाच-पाचचे लावून बघेल आणि चार शिंपल्या उरतील. त्या चारांचं काय करायचं यावर जो वाद पेटतो, तो जवळ बसून ऐक. भागाकार आणि बाकी तिथेच उमगते. चिन्हं मागून आली तरी चालतात. उत्तर सांगायची घाई नको. ‘चुकलं’ म्हणण्याऐवजी ‘लावून दाखव’ म्हण.

‘चुकलं’ म्हणायची घाई संख्या लिहितानाही नको. सत्तावीस म्हणताना सात आधी येतात, लिहिताना दोन. म्हणून 72 लिहिणारं मूल मठ्ठ नसतं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 साली ‘वीस सात’ हे वाचनही आलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचण तेव्हा लोकांना समजावून सांगितली. तुझ्या वर्गात तर ‘सत्ताईस’ म्हणणारीही असतील. मधे दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या असल्या, की तिन्ही नावं एकाच संख्येची आहेत हे त्यांना दिसतं.

साहित्याला पैसे लागत नाहीत. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांनी खडे, काड्या आणि फरशीवरच्या आखणीतून असं शिकवून दाखवलं.

गट तिघा-चौघांचेच ठेव. अबोल मुलाकडे मांडणी दे, चुणचुणीत मुलाकडे नोंद. आठवड्यानं कामं बदल. आवाज होईल, तेव्हा शेजारच्या बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेव.

तुझी मावशी