खडकातील विहिरीच्या पाण्याचा नमुना कसा घ्यावा?

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांत पाऊस भरपूर पडतो, तरीही उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. खाली काळा पाषाण असून पाणी केवळ मुरमात व खडकाच्या भेगांत साठते. नागली-वरईच्या वरकस जमिनीत मातीचा थर पातळ असतो. त्यामुळे उकिरड्याचे व शौचखड्ड्याचे पाणी पुरेसे गाळले न जाता भेगांत उतरते आणि जुलाब, कावीळ, विषमज्वर पसरतात. नितळ पाणी शुद्धच असते असे नाही. त्याची तपासणी करावी. परंतु नमुना चुकला तर अहवालही चुकतो.

नमुना केव्हा घ्यावा?
पावसाळ्याच्या सुरुवातीस व दिवाळीनंतर, असा दोनदा घ्यावा. पहिल्या पावसात घाण भेगांतून विहिरीत येते. टँकरचे पाणी सोडलेल्या विहिरीचा किंवा टीसीएल पावडर टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नये. शेजारच्या बोअरच्या भेगा वेगळ्या असू शकतात, म्हणून प्रत्येक बोअरचा नमुना स्वतंत्र घ्यावा.

नमुना घेण्याची पद्धत
१) बोअरमध्ये साचून राहिलेले पाणी आधी उपसावे. सहा इंची बोअरमध्ये दर मीटर उंचीला सुमारे १८ लिटर पाणी असते. पाण्याची उंची १० मीटर असल्यास १८० लिटर होते. त्याच्या तिप्पट, म्हणजे ५४० लिटर उपसावे. हातपंपावर मिनिटाला १२ लिटर धरल्यास पाऊण तास लागतो. म्हणून सकाळी पाड्यातील सर्वांचे पाणी भरून झाल्यावर नमुना घेणे सोयीचे. उपसा करताना बोअर आटल्यास पुन्हा पाणी भरू द्यावे व मग नमुना घ्यावा.
२) जीवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेतील निर्जंतुक बाटलीच वापरावी. ती विसळू नये, तोंडाला बोट लावू नये व थोडी रिकामी ठेवावी.
३) उघड्या विहिरीत निर्जंतुक बाटलीला स्वच्छ दोरी व वजन बांधून ती पृष्ठभागाखाली सुमारे एक फूट सोडावी.
४) रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी.
५) गाव, पाडा, विहीर, तारीख व वेळ चिठ्ठीवर लिहावी. जीवाणूंचा नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत व उशिरात उशिरा २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा.

अहवाल कसा वाचावा?
१०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जीवाणू मुळीच नसावेत. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पाणी उकळल्याने जीवाणू मरतात, नायट्रेट मात्र कमी होत नाही. असे पाणी तान्ह्या बाळाला कदापि देऊ नये.